व्यसनी कामगार : बडतर्फीच्या आधी उपचार हवेत

१ मे हा दिवस महाराष्ट्र दिन आहे, कामगार दिन आहे आणि ख्रिस्तसभेत तो कामकरी संत योसेफ यांचा सणही आहे. पोप पायस बारावे यांनी १९५५ साली हा सण सुरू केला. त्या दिवशी श्रमाची प्रतिष्ठा, वेतन, सुरक्षितता यांविषयी पुष्कळ बोलले जाते. कामाच्या जागी शिरलेल्या दारूविषयी मात्र आपण सहसा मौन पाळतो. घरातील व्यसन हा प्रवचनाचा विषय होतो. कारखान्यातील, कचेरीतील किंवा गाडी चालवणाऱ्याचे व्यसन हा मालकाचा आणि युनियनचा प्रश्न समजून आपण तो सोडून देतो.

अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केंद्र सरकारसाठी केलेली पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक मद्य घेतात आणि त्यांपैकी ५.७ कोटींहून अधिक जणांना मदतीची गरज आहे. मद्याच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे अवघ्या एकाला कोणते तरी उपचार मिळाले होते. उरलेले ३७ जण कुठे आहेत? त्यांतील बरेच जण आज सकाळीही कामावर हजर झाले असतील.

अशा माणसाकडे कायदा दोन नजरांनी पाहतो. कामाच्या जागी नशेत असणे हे गैरवर्तन ठरते आणि त्यासाठी नोकरी जाऊ शकते. दुसरीकडे, २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजाराच्या व्याख्येत केला आहे. म्हणजे एकच माणूस एकाच वेळी गुन्हेगारही आहे आणि रुग्णही! याचा भुर्दंड अखेर कुटुंबाला बसतो. नशेमुळे अपघात झाला आणि त्यात मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले नाही, तर मालकावर भरपाईची जबाबदारी राहत नाही. १९२३ च्या कायद्यातील ही तरतूद २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम आहे.

आमच्या मते खरी अडचण कायद्याच्याही आधी सुरू होते. एखादा कामगार पिऊन आला, की सोबती त्याला सांभाळून घेतात. कोणी त्याचे काम उरकतो, कोणी त्याला कोपऱ्यात झोपवतो, तर मुकादम काणाडोळा करतो. यात माया असते, हे आम्ही नाकारत नाही. ‘पोराबाळांचा माणूस आहे’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे, कदाचित उच्चारलेही आहे. परंतु अशी पाच-दहा वर्षे गेली, की आजार बळावतो. मग एखाद्या दिवशी यंत्रात बोटे सापडतात किंवा साहेबांशी हातापायी होते, आणि इतकी वर्षे मूक राहिलेली व्यवस्था एका पत्राने त्याला घरी पाठवते. त्या पत्रापूर्वी कोणी त्याला उपचाराविषयी विचारलेले नसते.

वास्तविक नोकरी हे उपचाराचे मोठे साधन आहे. पत्नीच्या अश्रूंनी जो हलत नाही, तो पगार जाण्याच्या भीतीने पुष्कळदा हलतो. अमेरिकेत ड्यूपाँट आणि ईस्टमन कोडक या कंपन्यांनी १९४० च्या दशकातच हे ओळखून आपल्या मद्यासक्त कामगारांसाठी मदतीची योजना सुरू केली होती. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९६ च्या आचारसंहितेतही मद्य व अमली पदार्थांच्या समस्येकडे आरोग्याची समस्या म्हणून पाहावे, गोपनीयता पाळावी आणि उपचार मागणाऱ्याबाबत भेदभाव करू नये, असे म्हटले आहे. शिस्तभंगाचा अधिकार ती मालकाकडून काढून घेत नाही. ते योग्यच आहे. ज्याच्या हाती बस किंवा विमान आहे, त्याला सवलत देता येणार नाही.

मालकांनीही थोडे स्वतःकडे पाहावे. सलग रात्रपाळ्या, अंगमेहनत आणि घरापासून दूर खोलीवर राहणे यांतून बाटली जवळची वाटू लागते. डब्लिनचे पूजनीय मॅट टॅल्बट हे बाराव्या वर्षी एका मद्यव्यापाऱ्याकडे कामाला लागले आणि तिथेच त्यांना दारूची चटक लागली. १८८४ साली, हाती काम नसताना, ते सोबत्यांची वाट पाहत गुत्त्याबाहेर उभे राहिले. कोणीही त्यांना आत बोलावले नाही. त्या दिवशी सोडलेली दारू त्यांनी १९२५ मध्ये मृत्यू येईपर्यंत पुन्हा घेतली नाही. तो सारा काळ ते मजुरीच करत होते.

आपल्याकडे फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात कृपा फाउंडेशनचे काम सुरू केले. स्वतः व्यसनातून सावरलेल्या या धर्मगुरूंना २००९ साली पद्मश्री मिळाली. उपचाराची वाट आपल्याच अंगणातून जाते, असे म्हणण्यास हरकत नाही. मग एक प्रश्न आम्ही विचारू इच्छितो. शाळा, रुग्णालये, पतसंस्था आणि चर्चची कार्यालये यांमुळे आपला समाजही मोठा मालक आहे. शिपाई, वॉर्डबॉय किंवा शिक्षक यांपैकी कोणी व्यसनात सापडला, तर उपचारासाठी रजा आणि परतल्यावर तीच नोकरी मिळेल, असे आपल्या सेवानियमांत किती ठिकाणी लिहिलेले आहे? २०१७ च्या त्याच कायद्यानुसार मानसिक आजाराच्या उपचारांसाठी शारीरिक आजाराप्रमाणेच विमा देणे विमा कंपन्यांवर बंधनकारक आहे. कर्मचाऱ्यांचा गटविमा घेताना व्यवस्थापनाने ही बाब विचारून घ्यावी. उपचार घेऊन परतलेल्या ड्रायव्हरला काही काळ गाडीऐवजी दुसरे काम द्यावे, आणि पगाराच्या दिवशी सुटी झाल्यावर त्याच्यासोबत घरापर्यंत जाईल असा एखादा सोबती आधीच ठरवून ठेवावा.