आवाज अडकला म्हणून आवाजावर आळ नको



अलीकडे आपल्या वस्त्यांतून सेकंडहँड कॉम्प्युटर आणि लॅपटॉप बरेच आले आहेत. कुणी ऑफिसातून निघालेला घेतला, कुणी हप्त्यावर घेतला, कुणाला मोठ्या भावाचा जुना मिळाला. त्याबरोबर एक गाऱ्हाणेही आले आहे. कॉम्प्युटर चालता चालता मध्येच हँग होतो. माऊस हलत नाही, आणि चालू असलेला आवाज 'टर्रर्र' करीत एकाच जागी अडकून बसतो. बटण दाबून बंद केल्याशिवाय सुटका नाही. मग घरात निवाडा होतो, "पोरगी कानाला हेडफोन लावून बसते, म्हणून बिघडला."

या निवाड्याबद्दलच आज आम्हांला बोलायचे आहे. दहा बाय बाराच्या खोलीत एकीकडे टीव्ही, एकीकडे कुकरची शिटी आणि मधोमध लहान भावंडांचा खेळ चाललेला असतो. अशा घरात हेडफोन ही चैन नव्हे, ती अभ्यासाच्या खोलीची भिंत आहे. परीक्षेची व्याख्याने ऐकणाऱ्या मुलीला आवाज बंद कर म्हणणे म्हणजे अभ्यास बंद कर म्हणण्यासारखेच आहे. तेव्हा आळ घेण्याआधी तपास झाला पाहिजे, आणि हा तपास घरच्या घरी, बहुतेक बिनखर्चाने होतो.

आधी ही टर्रर्र होते कशी ते पाहू. कॉम्प्युटरमधला आवाज म्हणजे आकड्यांची लांबच लांब रांग. सीडीच्या दर्जाच्या आवाजाला एका सेकंदात ४४,१०० आकडे लागतात, आजचे बरेच कॉम्प्युटर ४८,००० वापरतात. प्रोसेसर हे आकडे थोडे थोडे करून एका लहान साठ्यात भरतो, त्याला बफर म्हणतात. साधारणपणे दर १० मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागात, नवा भरणा करावा लागतो. साउंडची चिप तो साठा वाचून वाजवते. भरणारा प्रोसेसर कुठे अडकला, तर चिपला ते कळत नाही, ती जुनेच आकडे फिरून फिरून वाजवत राहते. हीच ती टर्रर्र.

यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कॉम्प्युटर कोणत्याही कारणाने अडकला तरी बोंब मारतो तो आवाजच. पडद्यावर स्थिर पान असेल तर क्षणभराची अडखळण डोळ्याला दिसत नाही, पण कानाला तात्काळ कळते. म्हणजे आवाज पुष्कळदा गुन्हेगार नसतो, साक्षीदार असतो.

याची दोन्ही बाजूंची उदाहरणे आहेत. २०२१ साली विंडोज ११ नवे आले, तेव्हा इंटेलच्या अकराव्या पिढीच्या काही प्रोसेसरांवर 'इंटेल स्मार्ट साउंड' नावाच्या ड्रायव्हरची ठराविक आवृत्ती असली की निळा पडदा येऊन मशीन बंद पडे. ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि चिप यांच्यामधला दुभाषी प्रोग्रॅम. तिथे दोष खरोखर आवाजाच्या ड्रायव्हरचा होता, आणि तो सुधारलेला येईपर्यंत मायक्रोसॉफ्टने अशा मशिनांना विंडोज ११ देणे रोखून धरले होते. उलट मार्च २०२२ मध्ये एएमडी कंपनीने कबूल केले, की त्यांच्या काही रायझन प्रोसेसरांचे कॉम्प्युटर मधूनमधून थबकतात. लोकांना आवाज तुटतो एवढेच जाणवे. कारण निघाले भलतेच. एफटीपीएम नावाची सुरक्षेची सोय मदरबोर्डवरच्या मेमरी चिपशी लांबलचक देवघेव करीत असे आणि तेवढा वेळ सारे ताटकळे. मे २०२२ पासून आलेल्या नव्या बायोसने त्यावर उपाय केला. पाहा, तक्रार दिसायला एकच, पण एकात आवाज दोषी आणि दुसऱ्यात निर्दोष.

आता तपासाला लागू.

पहिले काम, कागदपत्रे सांभाळा. जातीचा दाखला, पडताळणी प्रमाणपत्र, मार्कशीट, स्कॉलरशिपचे अर्ज जे काही कॉम्प्युटरमध्ये असेल ते पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. वारंवार बटण दाबून बंद केलेल्या मशीनमध्ये फाइल खराब होण्याचा धोका असतो.

दुसरे, एक वही करा. हँग झाला की तारीख, वेळ, काय चालू होते, कानाला हेडफोन होता की नाही, काही सेकंदांत सुटला की पूर्ण बंद करावा लागला, हे लिहा. आठवडाभराची वही कारागिराच्या अंदाजापेक्षा जास्त बोलते.

तिसरे, बाहेरची उपकरणे एकेक करून काढा. यूएसबीचा हेडफोन, वेबकॅम, जुना पेन ड्राइव्ह काढून पाहा, यूएसबीचे भोक बदलून पाहा. ब्लूटूथच्या हेडफोनचा आवाज वायफायच्या गर्दीमुळेही तुटतो. तेव्हा नुसता आवाज तुटत असेल आणि माऊस नीट चालत असेल, तर कॉम्प्युटरला हात लावू नका, तारेचा हेडफोन लावून पाहा.

चौथी ही मुख्य परीक्षा. स्टार्टच्या चिन्हावर उजवे बटण दाबून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. त्यात 'साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स' या ओळीखाली बहुधा दोन-तीन नावे दिसतील. एक मदरबोर्डवरच्या आवाजाचे, बरेचदा रियलटेक, आणि एक पडद्याच्या केबलमधून जाणाऱ्या आवाजाचे. त्यांवर उजवे बटण दाबून 'डिसेबल डिव्हाइस' करा आणि दोन-तीन दिवस मशीन वापरा. एवढे दिवस आवाज मिळणार नाही, म्हणून ही परीक्षा पेपरच्या आदल्या आठवड्यात करू नये. नंतर 'एनेबल' केले की आवाज परत येतो.

आवाज बंद असतानाही मशीन हँग झाले, तर आवाज सुटला. मग धूळ आणि उष्णता पाहा. लॅपटॉप गादीवर ठेवून वापरला की हवेची भोके झाकतात आणि तो तापतो, म्हणून खाली पाट किंवा फळी ठेवावी. मोठ्या कॉम्प्युटरचा पंखा बंद करून, प्लग काढून, मऊ ब्रशाने साफ करा. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या पत्र्याला स्पर्श करावा. रॅमची पट्टी काढून तिची सोनेरी टोके खोडरबराने हलकेच पुसून पुन्हा नीट बसवणे हा जुना उपाय आजही कामाला येतो. विंडोजमध्ये 'मेमरी डायग्नॉस्टिक' ही रॅमची तपासणीही फुकट आहे. हार्ड डिस्क टकटक करीत असेल तर वाट न पाहता माल उतरवून घ्या. यातून काही निघाले नाही, तर एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, बदलून पाहण्यास कारागिराला सांगा.

आवाज बंद केल्यावर हँग होणे पूर्ण थांबले, तर संशय पक्का. मग एकेक नाव पुन्हा चालू करून कोणते दोषी ते ठरवा. साउंडच्या सेटिंगमधली 'ऑडिओ एन्हान्समेंट' बंद करून पाहा. ड्रायव्हर नुकताच बदलला असेल तर 'रोल बॅक' करा. नाहीतर त्या मॉडेलचा ड्रायव्हर तयार करणाऱ्या कंपनीच्याच साइटवरून घ्या. 'सगळे ड्रायव्हर एका झटक्यात' म्हणणारे फुकट प्रोग्रॅम घरात घेऊ नका, त्यांच्याबरोबर नको ते पाहुणे येतात.

लेटन्सीमॉन नावाचा एक प्रोग्रॅम आहे, कोणता ड्रायव्हर प्रोसेसरला अडवून धरतो ते तो नावानिशी दाखवतो. पुष्कळदा तिथे आवाजाऐवजी वायफाय किंवा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचे नाव निघते. रायझनचे मशीन असेल तर बायोस मे २०२२ च्या आधीचे आहे का तेही पाहावे. बायोस मात्र जाणत्या माणसाकडूनच, वीज जाणार नाही अशा वेळी बदलून घ्यावे. मध्येच वीज गेली तर बोर्डच निकामी होऊ शकतो.

विंडोज १० वापरणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे, की मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा फुकट आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केला आहे. जुन्या मशिनांना नवे ड्रायव्हर मिळणे यापुढे अवघडच होत जाईल.

आता पैशांचे. 'साउंड गेला, मदरबोर्ड बदलावा लागेल,' असे ऐकल्याबरोबर उसनवारीला धावू नका. बोर्डावरचा आवाज खरोखर बिघडला असला, तरी तो डिव्हाइस मॅनेजरमधून बंद करावा आणि बोटाएवढे यूएसबी साउंड कार्ड लावावे. ते काही शे रुपयांत मिळते. त्याने मशीन आठवडाभर सुरळीत चालले तर हजारोंचा खर्च वाचला. चालले नाही, तर दुखणे दुसरीकडे आहे हे कळले, आणि ते कार्ड दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरला उपयोगी पडेल. कारागिराकडे जायचेच झाले तर वही बरोबर न्या, कोणता भाग बदलला ते बिलावर लिहून घ्या आणि जुना भाग परत मागा.

आणि एक आमची सूचना. ही वही आणि हा तपास मुलीच्याच हाती द्या. जिच्यावर आळ आला तिनेच कारण शोधून काढले, तर मशीन सुधारेलच. शिवाय पुढच्या वेळी शेजाऱ्यांचा कॉम्प्युटर हँग झाला, की ते तिलाच विचारायला येतील.