पुढची गर्दी

मैत्रिणींनो, आपल्या तासगावच्या रथोत्सवात मागे उभं राहिलं, की गणपती दूर, इवलासा दिसतो. पुढच्यांची डोकीच मोठी! अगदी तसंच एक चित्र आहे, हॉलंडच्या लुकास फान लायडनचं, १५१० सालचं. हात बांधलेल्या येशूला चौकात लोकांपुढे उभं केलंय, पण तो पार मागे, लहानसा. पुढे सगळे बघे. तांब्याच्या पत्र्यावर उलटं कोरायचं, रेघांत शाई भरायची, मग कागदावर सुलटं उमटतं. आपल्या मिरजेत १८०५ साली गीता अशीच छापली होती बरं का!

लुकास तेव्हा जेमतेम सोळाचा असावा. आमची लेक तेराची. गणिताच्या वहीत चित्रं काढते म्हणून परवा मी रागाने पानं टराटरा फाडली. आज खळ लावून जोडत बसलेय.