कलम तेच, हात कुणाचा?

अमेरिकेच्या घटनेत १८६८ला समान संरक्षण लिहिलं गेलं. १८९६ला कोर्टानं काळ्यांचा वेगळा रेल्वेडबा त्याच कलमात बसवला. १९५४ला त्याच कलमानं वेगळ्या शाळा बेकायदा ठरल्या. अक्षर एक बदललं नाही. मधे काळी माणसं लढली, एवढंच.

आपला अ‍ॅट्रॉसिटी कायदा १९८९चा. २० मार्च २०१८ला सुप्रीम कोर्टानं त्याचे दात काढले. २ एप्रिलला माणसं रस्त्यावर उतरली. ऑगस्टात संसदेनं दात परत बसवले.

आणि घाटकोपरचं रमाबाई नगर? ११ जुलै १९९७ला पोलिसांच्या गोळ्यांनी १० माणसं मेली. हा कायदा तेव्हाही होताच ना! फौजदाराला सेशन कोर्टात जन्मठेप झाली ती २००९ला.

दोस्तांनो, कलम पाठ करा. पण त्याच्या भरवशावर झोपू नका.