माणीची होळी आणि किनवटचे मौन

१५६२ साली युकातानातील माणी या गावी दिएगो दे लांदा नामक ख्रिस्ती धर्मोपदेशकाने माया लोकांचे ग्रंथ अग्नीच्या स्वाधीन केले. माया लिपीतील अवघ्या चार पोथ्या आज जगात उरल्या आहेत. ही हकीकत आमच्या सुशिक्षित घरांतून मोठ्या हळहळीने सांगितली जाते, आणि त्या हळहळीत स्वतःच्या निरपराधीपणाचे समाधानही थोडेसे मिसळलेले असते. आमचा आक्षेप त्या समाधानावर आहे. मुखोद्गत वाङ्मयाचा नाश करण्यास होळीची खटपट लागत नाही. मुलाची भाषा शाळेच्या उंबरठ्याबाहेर ठेवली म्हणजे काम भागते.

किनवट तालुक्यात गोंड व कोलाम यांची वस्ती आहे. गोंडांच्या कुळकथा पोथ्यांत नव्हेत, परधानांच्या कंठात राहिल्या. किकरी या तंतुवाद्याच्या साथीने परधान त्या गातो. आणि नवल असे की, ज्याच्या घरात मराठी बोलली जाते असा परधानही त्या गोंडीतच गातो! परंतु ऐकणाऱ्या पोराला गोंडी कळेनाशी झाली, तर त्याने गावे कोणासाठी?

‘मराठीवाचून त्यांस नोकरी कशी मिळेल?’ असे कोणी विचारील. मराठी त्यांस यावयास हवीच. पण आरंभ तिनेच व्हावा हे कोठून आले? मराठवाड्याने तरी हा युक्तिवाद करू नये. निजामी अमदानीत तो उर्दूच्या बाजूनेही करता येत होता, आणि आमच्या वडीलधाऱ्यांनी त्यास अन्याय म्हटले, ते योग्यच होते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत किनवट आदिलाबाद जिल्ह्यातून निघून नांदेडास जोडले गेले. त्याच दिवशी अंमलात आलेल्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ हे कलम घातले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असा त्याचा आशय. पहिल्या गोष्टीचा लाभ आम्ही पदरात पाडून घेतला. दुसरीची आठवण आम्हांस सोयीने राहत नाही.

निलंग्यास जन्मलेल्या सेतुमाधवराव पगडींनी हैदराबादच्या मुलकी नोकरीत असताना गोंडी व कोलामी शिकून त्यांची व्याकरणे लिहिली. नोकरी सांभाळून एका अधिकाऱ्यास जे साधले, ते शिक्षकास अशक्य कसे? कोलामांच्या पोडावर नेमलेल्या गुरुजींस निदान पहिल्या इयत्तेपुरती कोलामी आलीच पाहिजे. वृद्ध परधानांचे गायन, अर्थ सांगणारा जवळ बसवून, आताच ध्वनिमुद्रित झाले पाहिजे. आणि ते ठेवावयाचे किनवटातच, मुंबईच्या कपाटात नव्हे.