टायपिंग बाहेर, इतिवृत्त घरात

पुणे-सोलापूर महामार्गावरचं कासुर्डी बहुतेकांना जुन्या टोलनाक्यामुळे माहीत. त्या आसपासच्या यवत-केडगाव पट्ट्यातला व्यवहार मात्र तोंडी चालतो. उसाची तोड, गुऱ्हाळाची उचल, गुळाचा भाव, सगळं आधी बोलण्यात ठरतं. कागदावर आणायची वेळ आली की सगळे सहकारी संस्थेच्या सचिवाकडे बघतात.

सहकार कायद्याप्रमाणे वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत उरकावी लागते. सभा मोबाइलवर रेकॉर्ड होते आणि नंतर सचिव हेडफोन लावून बसतो. तासाभराच्या रेकॉर्डिंगचा मजकूर करायला सरावलेल्या टंकलेखकालाही साधारण चार तास लागतात, असा या धंद्यातला ढोबळ हिशेब आहे. त्यात चौघं एकदम बोलले, मागे कुणी घोषणा दिल्या, की तोही कोलमडतो.

एवढा वेळ पगारी माणसाने घालवण्यापेक्षा काम बाहेर दिलेलं परवडतं. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी बोलून ठेवलेल्या नोंदी तिकडे रात्र असताना इकडे टाइप करायच्या, यावर भारतात मेडिकल ट्रान्स्क्रिप्शनचा व्यवसाय उभा राहिला. सर्वोच्च न्यायालयानेही हीच वाट धरली. 21 फेब्रुवारी 2023 रोजी महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाची सुनावणी चालू असताना वकिलांचे युक्तिवाद थेट पडद्यावर उमटू लागले. हे तंत्रज्ञान बेंगळुरूच्या ‘टेरेस’ने पुरवलं होतं. पण तो मजकूर तसाच दप्तरी गेला नाही. वकिलांनी तो तपासायचा, अशी व्यवस्था होती.

गावपातळीवर ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने ‘सभासार’ हे साधन आणलं. ग्रामसभेचं रेकॉर्डिंग द्यायचं, इतिवृत्ताचा मसुदा घ्यायचा. मसुदाच, हे विसरून चालत नाही.

कारण मराठी सभेत घोळ होतो तो नेमका महत्त्वाच्या जागी. ‘नामंजूर’मधला ‘ना’ गोंगाटात बुडाला की ठराव मंजूर होऊन बसतो. एकोणसाठचे एकोणसत्तर होतात. आडसाली, खोडवा, एफआरपी हे उसाच्या व्यवहारातले शब्द शहरातल्या टंकलेखकाच्या कानाला नवे. तो अंदाजाने काहीतरी लिहितो आणि अंदाज टाइप झाला की खरा वाटू लागतो.

यावर इलाज महागडा नाही. रेकॉर्डिंगबरोबर संचालकांची नावं, गट नंबर आणि नेहमीच्या शब्दांची यादी द्यावी. सभेत बोलणाऱ्याने आधी नाव सांगावं. ऐकू न आलेल्या जागी टंकलेखकाने अंदाज न बांधता मिनिट-सेकंद टाकून जागा मोकळी सोडावी. मग सचिवाला सगळं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकावं लागत नाही. ठराव, आकडे आणि त्या मोकळ्या जागा ऐकल्या की भागतं.

पतसंस्थांनी आणखी एक पाहावं. कर्जदाराचं नाव आणि थकबाकी रेकॉर्डिंगमध्ये असते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, 2023 नुसार काम दुसऱ्याकडे सोपवलं तरी जबाबदारी संस्थेचीच राहते. तेव्हा फाइल कुणाच्या हाती जाते, ती कधी पुसली जाते, हे करारात लिहून घ्यावं.

टायपिंगचा दर मिनिटाचा भाव पाडण्यात संचालक मंडळं पटाईत असतात. त्याच बैठकीत सचिवाच्या तपासणीसाठी एक पूर्ण दिवस मंजूर केला, तर वाचलेला वेळ पुढच्या सभेतल्या भांडणात जाणार नाही.