शुद्ध नको, स्पष्ट पाहिजे



माइक विकणारा माणूस एक शब्द घोळून घोळून वापरतो. शुद्ध. शुद्ध आवाज, शुद्ध रेकॉर्डिंग, घरबसल्या स्टुडिओची शुद्धता. हा शब्द कानावर पडला की आपल्या पोरांनी पहिले खिशावर हात ठेवावा. शुद्ध या शब्दाची किंमत या देशात कोणी मोजली, हे काय मी सांगायला पाहिजे?

मी मिहानमधल्या एका गोदामाच्या डॉकवर हमाली करतो. नागपुरात समुद्र नाही. आमचा डॉक म्हणजे ट्रकची पाठ गोदामाला जिथं टेकते तो कट्टा. दहावी पास आहे, कविता करतो. खोके वाहता वाहता त्यांच्यावरचं इंग्रजी वाचायची सवय लागली आणि त्या सवयीतूनच माइकचा नाद लागला. आता वस्तीवस्तीत पोट्टे घरी स्टुडिओ मांडून राहिले. कोणी रॅप करतो, कोणी कव्वाली, कोणी नुसतीच कविता म्हणतो. चांगलं आहे. पण स्वस्तातला कंडेन्सर माइक कोणता घ्यावा, या प्रश्नावर जो तो जाहिरातीचीच भाषा बोलतो. म्हणून हे लिहितो.

आमच्यापुढं प्रश्न असा आहे. वस्तीत एक म्हातारे कव्वाल आहेत. आम्ही त्यांना बाबा म्हणतो. शेकड्यानं गाणी तोंडपाठ, वही एकही नाही. दोन अंतऱ्यांनंतर दम लागतो. आम्ही पाच जणांनी मिळून अठरा हजार जमवले. एका स्टुडिओत विचारायला गेलो, तर तिथला माणूस बाबांचं गाणं अर्धं ऐकून म्हणाला, "उच्चार शुद्ध करून आणा, मग बघू." बाबा हसले. म्हणाले, "काहून बा, मी काय पूजा सांगाले आलो?" आम्ही परत आलो. रेकॉर्डिंग घरीच करायचं ठरलं.

शुद्धतेचं हे खूळ आजचं नाही. आकाशवाणीनं १९४० साली पेटीला, म्हणजे हार्मोनियमला, बंदी घातली. कारण काय, तर तिचे सूर आपल्या संगीतात बसत नाहीत. १९७१ पर्यंत ही बंदी चालली. भजनी मंडळात, कव्वालीत, तमाशात, गरिबाच्या खोलीत जी पेटी वाजत होती, ती तीस वर्षं सरकारी माइकपुढं अशुद्ध ठरली. माइकपुढं कोणी बसावं आणि काय घेऊन बसावं हे ज्याच्या हाती, आवाजही त्याच्याच हाती. आज तो माइक नऊ-दहा हजारांत आपल्या हाती येतो. मग त्याच्याबरोबर शुद्धतेची फूटपट्टी काहून विकत घ्यायची?

आधी यंत्र समजून घ्या. कंडेन्सर माइकमध्ये एक अतिशय पातळ पडदा असतो आणि त्याच्यामागं केसाएवढं अंतर ठेवून धातूची पट्टी. दोघांच्या मध्ये विजेचा भार. आवाजानं पडदा हलला की ते अंतर कमीजास्त होतं आणि त्यातून आवाजाची वीज तयार होते. पडदा हलका, म्हणून बारीकसारीक आवाजही पकडतो. त्याला बाहेरून वीज लागते. बहुतेक माइकना ४८ व्होल्टची, जिला फँटम पॉवर म्हणतात. ती देणारं इंटरफेस नावाचं खोकं वेगळं घ्यावं लागतं. दुकानदार माइकची किंमत सांगतो, खोक्याची सांगत नाही. हिशेब दोघांचा एकत्र करा.

आता शुद्धतेचा आकडा. प्रत्येक माइकला स्वतःची खरखर असते. आजूबाजूला चिडीचूप असलं तरी माइक स्वतः थोडा सूं सूं करतोच. ती डेसिबलमध्ये मोजतात, आकडा जितका कमी तितका माइक 'शुद्ध'. ऑडिओ-टेक्निकाचा एटी २०२० घ्या, साधारण नऊ-दहा हजारांचा. त्याचा आकडा २०. रोडचा एनटी १-ए वीस हजारांच्या आसपास, त्याचा आकडा ५. आणि न्यूमनचा यू ८७, ज्याच्यापुढं मोठमोठे गायक उभे राहतात, ज्याची किंमत लाखांत जाते, त्याचा आकडा १२. म्हणजे लाखांचा माइक वीस हजारांच्या माइकपेक्षा जास्त सूं सूं करतो! तरी स्टुडिओवाले तोच घेतात, कारण त्यांना त्याचा रंग आवडतो. शुद्धता ही दुकानात सांगायची गोष्ट आहे. धंद्यातले लोक स्वतः ती पाळत नाहीत.

आता आपल्या खोलीचा आकडा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबल, दिवसा ५५. ही कायद्याची मर्यादा. आमच्या डोक्यावरून विमान उतरतं तेव्हा कायदा कानात बोटं घालून बसतो. पण धरून चाला की रात्री ४५ आहे. माइकची खरखर २०. मधला फरक २५ डेसिबल, म्हणजे ऊर्जेत तीनशेपटीहून जास्त. दार लावून त्यातले दहा-पंधरा कमी झाले तरी खोलीच जास्त बोलते. मग ५ चा माइक घेऊन काय करायचं? शेजारी भांडी घासणाऱ्या मायचा आवाज आणखी शुद्ध ऐकायचा? दहा हजार जास्त मोजून जी शांतता विकत घ्यायची, ती आपल्या खोलीत आधीच बुडालेली आहे.

म्हणून माझं म्हणणं असं की शुद्ध नको, स्पष्ट पाहिजे. गाण्यातला शब्द न् शब्द समजला पाहिजे. मागं ट्रक गेला तर गेला. तो ट्रक खरा आहे. आम्ही त्यात माल भरतो.

आणि स्पष्टपणा बराचसा फुकट मिळतो. गाणारा माइकपासून दोन हातांवर असेल, त्याला एका वितीवर आणा. अंतर चौथा हिस्सा झालं. मोकळ्या जागेच्या हिशेबानं त्याचा आवाज १२ डेसिबलनं वाढला आणि ट्रक होता तिथंच राहिला. ५ आणि २० मधला फरक पंधराचा. त्यातले बारा एका वितीनं दिले. दुसरं, कार्डिऑइड जातीचा माइक घ्या. तो समोरचं ऐकतो, पाठीमागं जवळपास बहिरा असतो. त्याची पाठ खिडकीकडं करा. तिसरं, खोली. टिनाचं छप्पर आणि सिमेंटच्या भिंती आवाज परत फेकतात. गाणाऱ्याच्या मागं आणि दोन्ही बाजूंना दोरीवर जाड गोधड्या टांगा. अंड्याचे ट्रे चिकटवून काही होत नाही, बाहेरचा आवाज त्यानं थांबत नाही. चौथं, नागपूरचा उन्हाळा. पाऱ्यानं पंचेचाळीस गाठले तरी रेकॉर्डिंगपुरता कूलर बंदच ठेवावा लागेल. माइक कूलरच्या वाऱ्यात कधी ठेवू नका. ओल लागली की कंडेन्सर फटफट आवाज करतो. खोक्यांत सिलिका जेलच्या पुड्या येतात त्या फेकू नका, माइकच्या डब्यात ठेवा. पाचवं, आपल्या भाषेतलं भ, फ, प, ध. 'भीम' म्हटलं की तोंडातून हवेचा गोळा सुटतो आणि पडद्यावर आदळतो. तारेच्या कड्यावर जुना मोजा ताणून मध्ये धरा आणि माइक तोंडासमोर सरळ न ठेवता थोडा तिरका ठेवा.

काही मित्र म्हणतात, गोंगाटात कंडेन्सर नकोच, डायनॅमिक घ्या, सभेत वापरतात तो. त्यांचं म्हणणं तपासून पाहा. डायनॅमिक माइक कमी ऐकतो, म्हणून आपण तो ओठाला लावून गातो. गोंगाट कमी येतो तो या जवळपणामुळं. त्याच अंतरावर, त्याच दिशेनं, त्याच जातीचा कंडेन्सर ठेवला तर गाणं आणि गोंगाट यांचं प्रमाण जवळपास तेवढंच राहतं. उलट च, स, श, त यांची धार कंडेन्सरमध्ये जास्त चांगली येते. बाबांचा आवाज आता बारीक झालाय. शब्दांची ही धार गेली तर गाणंच गेलं. सभेला, मोर्चाला डायनॅमिक घ्या, तो पडला आपटला तरी टिकतो. खोलीतल्या म्हाताऱ्या आवाजाला कंडेन्सर.

दुसऱ्या टोकाला हजार-दीड हजारातले मोठ्या जाळीचे माइक आहेत, बीएम-८०० या नावानं सतरा जण विकतात. जाळी मोठी, आत पडदा बोटाच्या पेराएवढा. फँटम पॉवर न देता थेट फोनला किंवा कॉम्प्युटरला जोडला की आवाज क्षीण येतो. मग पोरगं आवाज वाढवतं आणि खरखरही वाढते. पैसेच नसतील तर कॉलरला लावायचा साधा वायरचा माइक फोनला जोडा. तो शब्द तरी नीट देईल.

त्या छोट्या माइकच्या आत काय असतं माहीत आहे? इलेक्ट्रेट. विजेचा भार कायमचा धरून ठेवणारा पदार्थ. १९६२ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर यांनी तो टेफ्लॉनच्या पातळ पडद्यावर साधला. वेस्ट काळे. १९३१ साली व्हर्जिनियात जन्मले. त्यांनी विज्ञान शिकायचं ठरवलं तेव्हा वडिलांनी त्यांना तीन काळी माणसं दाखवली. डॉक्टरेट झालेली, आणि पोस्टात नोकरी करणारी. म्हणजे बघ, शिकून तुझंही हेच होईल. पोरानं ऐकलं नाही. माइक स्वस्त झाला, टेपरेकॉर्डरमध्ये गेला, फोनमध्ये गेला. आज बहुतेक नव्या मोबाइलमध्ये त्याच्याही पुढचे चिमुकले माइक आले. पण वर सांगितलेल्या एटी २०२० मध्येसुद्धा भार धरून ठेवणारी ही इलेक्ट्रेटचीच पट्टी आहे. ज्याला पोस्टातली नोकरी दाखवून थांबवायला पाहिलं, त्यानं जगातल्या गरिबाला माइक दिला. दुकानदार हे सांगत नाही.

रेकॉर्डिंग झाल्यावर पोरं एक चूक करतात. ऑडॅसिटीसारख्या फुकटच्या साधनात घालून सगळा गोंगाट धुऊन काढतात. तळातली घरघर, म्हणजे ८० हर्ट्झच्या खालचं, कापून टाका. तिथं ट्रक असतो, शब्द नसतो. पण त्याच्यापुढं धूत गेलात तर श्वास जातो, स आणि श जातात, माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा ऐकू येतो. १९२७ साली महाडचं चवदार तळं आपल्या स्पर्शानं बाटलं म्हणून शेणमूत ओतून शुद्ध केलं होतं. आपल्याच म्हाताऱ्याच्या आवाजाचं शुद्धीकरण आपल्याच हातानं करू नका. श्वास राहू द्या. दम लागला तर तोही राहू द्या. त्या दमात साठ वर्षांची हमाली आहे.

आमचा हिशेब असा. माइक एटी २०२० किंवा त्याच्या तोडीचा कार्डिऑइड, दहा हजार. फँटम पॉवर देणारं साधं इंटरफेस, पाच हजार. स्टँड, वायर, कानाला लावायचा साधा हेडफोन, तीन हजार. अठरा झाले. गोधड्या घरच्या.

आणि एका पोरानं एक माइक घ्यायची गरज नाही. आठवड्यात किती तास गाता? चार-पाच वस्त्यांत मिळून एक संच पुरतो. वर्गणी काढा, वही ठेवा, पाळी लावा. पहिली पाळी म्हाताऱ्यांची. रॅपवाल्या दोस्तांनो, तुमचा आवाज अजून चाळीस वर्षं टिकेल. गाण्याच्या आधी माइकवर गाणाऱ्याचं नाव, गाव, तारीख आणि गाणं कोणी रचलं ते बोलून घ्या. फाइलच्या तीन प्रती करा आणि तीन घरांत ठेवा. हक्क गाणाऱ्याकडं राहील, असं कागदावर लिहा.

११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं मारली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःचं जीवन संपवलं. त्यांचा आवाज आज ऐकायला मिळतो तो आनंद पटवर्धन यांच्या 'हमारा शहर' या १९८५ च्या माहितीपटात, कारण बारा वर्षं आधी कोणीतरी वस्तीत माइक घेऊन गेलं होतं. त्या वेळी तो माइक किती शुद्ध होता, हे आज कोणी विचारत नाही. शब्द कळतात. तेवढ्यानं काम झालं.

तेव्हा चांगल्या माइकची वाट पाहत बसू नका. घेता येईल तो घ्या, वितीवर धरा, गोधडी टांगा आणि आपल्या म्हाताऱ्यांना गायला बसवा. यंदाच.