पायाला सहावं बोट : ऑपरेशन छोटं, वेळ मात्र निघून जाते

बीड : बाळ जन्मलं की घरातली बाई आधी हातापायाची बोटं मोजते. कधी पायाला पाचाच्या जागी सहा निघतात. कुणी म्हणतं लक्ष्मी आली, कुणी म्हणतं ग्रहणात हिनं विळी हातात धरली असंल. मग 'दुखत नाही, खुपत नाही, मोठं झाल्यावर बघू' म्हणून विषय संपतो. परत निघतो तेव्हा पोर शाळेत जाऊ लागलेलं असतं आणि बूट पायात जात नसतो.

हजार जन्मांमागे साधारण एक-दोन बाळांना हाताला किंवा पायाला जादा बोट असतं. पायाला ते बहुतेक वेळा करंगळीच्या बाजूला येतं, कधी अंगठ्याच्या बाजूला. गर्भाची बोटं दुसऱ्या महिन्यातच तयार होतात. तेव्हा अनेक बायांना दिवस गेल्याचंही नीट कळलेलं नसतं. त्यामुळं ग्रहणाचा आणि विळीचा इथं काही संबंध नाही, आईला बोल लावण्यात अर्थ नाही. काही घरांत हे पिढीतून येतं. आई किंवा बापाला असलं तर प्रत्येक लेकराला येण्याची शक्यता निम्मी धरतात.

दोरा बांधायचा नाही

चामखीळ बांधतात तसा जादा बोटाला दोरा किंवा केस बांधायचा उपाय अजून सांगितला जातो. हे धोक्याचं आहे. बोटात हाड आणि रक्तवाहिनी असते. बांधल्यानं जागा सडते, पू होतो, आणि बोट गळालं तरी मुळाशी दुखणारी गाठ राहू शकते.

ऑपरेशन साधारण वर्षाच्या आसपास करतात. लहान बाळाचं बरंचसं हाड कूर्चेचं असतं, ते एक्स-रेत नीट दिसत नाही. वर्षाच्या सुमाराला चित्र बरंच स्पष्ट होतं, भूल देणं जास्त सुरक्षित होतं, आणि चालायची, बूट घालायची सवय लागायच्या आत पाय सरळ करता येतो. दिसतं तेवढं बोट छाटलं की झालं, असं नसतं. कुठलं बोट ठेवायचं हे एक्स-रे बघून ठरतं. तळव्याचं हाड रुंद असेल तर ते तासावं लागतं, सांध्याचे बंध परत शिवावे लागतात. अंगठ्याकडचं काम जास्त किचकट असतं, नंतर अंगठा आत वळण्याची भीती असते. म्हणून हे काम हाडांच्या किंवा प्लास्टिक सर्जरीच्या डॉक्टरांचंच आहे. जादा बोटासोबत क्वचित हृदयाचा, डोळ्याचा किंवा किडनीचा दोषही असतो, विशेषतः नात्यात लग्न झालेल्या घरांत. तेव्हा बाळाची पूर्ण तपासणी आधी करून घ्यावी.

यादीत नाही, म्हणून लक्षात नाही

लहान मुलांच्या तपासणीसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला झाली. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. मूळ यादीत ३० आजार आणि दोष आहेत, त्यातली जन्मजात व्यंगं ९. वाकडा पाय, म्हणजे क्लबफूट, त्यात आहे. जादा बोट नाही. जीवाला धोका नाही म्हणून ते मागं राहिलं, हे समजण्यासारखं आहे. पण यादीत नसलेल्या गोष्टीचा पाठपुरावा कुणाच्याच अंगावर येत नाही.

त्यात आपल्याकडं ऊसतोडीचा हंगाम. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी भागातली कुटुंबं दिवाळीच्या मागंपुढं कोयता घेऊन निघतात ती उन्हाळा लागल्यावर परततात. लेकरू सोबत जातं. पथक गावात येतं तेव्हा पोर फडावर असतं. माघात जन्मलेल्या बाळाचा पहिला वाढदिवसही फडावरच होतो. पुढच्या वर्षी तेच.

पैशाची बाजू तेवढी अवघड राहिलेली नाही. आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण त्यात ठरलेल्या शस्त्रक्रियाच बसतात, म्हणून रेशन कार्ड, आधार घेऊन आरोग्यमित्राला आधी विचारावं. खरा खर्च हेलपाट्यांचा आहे. तपासणी, एक्स-रे, ऑपरेशन, टाके, पट्टी, दर खेपेला दोघांची मजुरी बुडते.

कापायलाच पाहिजे का?

प्रत्येक वेळी नाही. जलपायगुडीच्या स्वप्ना बर्मनच्या दोन्ही पायांना सहा-सहा बोटं. २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत तिनं हेप्टॅथलॉनचं सुवर्ण जिंकलं, हा मान मिळवणारी ती पहिली भारतीय. पण पाच बोटांसाठी बनवलेल्या बुटात पळताना तिचे पाय दुखत होते. खास बूट मिळाले ते सुवर्ण जिंकल्यावर. तेव्हा लाज किंवा शुभ-अशुभ बघून नाही, तर बूट बसतो का, चालताना घासतं का, बोट वाकडं वाढतंय का, हे बघून डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

उपाय नवीन योजनेचा नाही. आशाताई बाळ ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांचं असताना घरी येतातच. जन्माच्या वेळीच कार्डावर 'जादा बोट' अशी नोंद झाली आणि सहाव्या महिन्याच्या भेटीत डॉक्टरांची चिठ्ठी मिळाली, तर पुढचं जुळतं. हे घाईचं ऑपरेशन नाही, दोन-चार महिने इकडंतिकडं चालतात. म्हणून ऊसतोड कुटुंबांच्या लेकरांना तारीख जून ते सप्टेंबरमधली द्यावी. तेव्हा आईबाप गावात असतात, आणि कोयता उचलायच्या आत जखम भरून आलेली असते.